मागच्या खोलीचं पाणी

९ मार्च

व्याही,

नमस्कार. तुम्हाला फोन करून उपयोग नाही, हे आता मला पटलं. परवा मी पाव तास ओरडत होते आणि तुम्ही पलीकडून "हो हो, आम्ही सगळे मजेत" एवढंच म्हणत होता. शेवटी समोरची बाई खिडकीत येऊन उभी राहिली. चाळीस वर्षं पालिकेचे पाइप टाकत रस्ता फोडायच्या यंत्राशेजारी काढल्यावर कान राहणार कुठून? म्हणून हे पत्र.

काम तुमच्या धंद्यातलं आहे. आमच्या मागच्या खोलीत, म्हणजे तुमच्या मुलीच्या आणि माझ्या मुलाच्या खोलीत, गेल्या पावसाळ्यात तीनदा पाणी आलं. दारातून नव्हे. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथल्या फटीतून गुपचूप येतं आणि सकाळी पाय खाली टाकला की घोट्याला लागतं. घरामागे चढ आहे. वरच्या घरवाल्याने आपलं अख्खं अंगण सिमेंटचं केलं, तेव्हापासून त्याचं पाणी आमच्या भिंतीशी येऊन बसतं. त्याला बोलायला गेले तर म्हणाला, "पाणी खालीच जाणार, बाई." एवढं ज्ञान मला नव्हतंच जणू.

खाट विटांवर चढवली आहे. कपाटाचा खालचा कप्पा फुगून उघडत नाही. सूनबाई काही बोलत नाही. फडकं घेते, टिपते, पिळते आणि "असू दे, आई" म्हणते. बोलला तो माझा मुलगा. जेवताना, ताटाकडे बघत म्हणाला, "या वर्षी परत पाणी आलं तर आम्ही दुसरीकडे जागा बघू." मी म्हटलं, बघा. म्हटलं खरं, पण नंतर मोरीत भांडी घासताना रडले. हे जाऊन सात वर्षं झाली. या चार खोल्यांत एकटीने राहणं माझ्याच्याने होणार नाही. तुम्हाला सरळ सांगते, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

एकच अट आहे. घराच्या डाव्या अंगाने मागून रस्त्यापर्यंत जी फरशीची वाट जाते, ती फोडायची नाही. ती आमच्या यांनी स्वतःच्या हातांनी केली आहे. बाकी तुम्ही सांगाल ते करीन.

तुमची विहीण


१६ मार्च

विहीणबाईंना आदराने नमस्कार.

आपलं पत्र दोनदा वाचलं. फोनबद्दल माफी असावी. मला वाटलं आपण आमची खुशाली विचारत आहात.

काम अवघड नाही. पाण्याला अडवता येत नाही, त्याला भिंतीपेक्षा सोपी वाट द्यावी लागते. मागच्या भिंतीला लागून, खोलीच्या जमिनीपेक्षा खोल असा चर खणायचा. त्यात खडी, खडीत भोकं पाडलेला पाइप, भोवती माती आत येऊ नये म्हणून कापड. भिंतीकडे येणारं पाणी खडीतून पाइपात उतरतं. पुढे तो पाइप उताराने नेऊन रस्त्याच्या गटारात सोडायचा. उतार नसेल तर सगळं केलेलं फुकट, एवढं एकच या कामात गुपित आहे.

घराला वळसा घालायला दोन बाजू आहेत. जवळची वाट डावीकडची, फरशीखालून. उजवीकडून लांब पडेल आणि तिथे आपली पाण्याची टाकी आहे. तरी आपली इच्छा असेल तसं करू.

येण्याआधी मापं हवीत. पारदर्शक नळी आणून पाणी भरा. एक टोक मागच्या भिंतीशी धरा, दुसरं टाकीशी, मग गटाराशी. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीला येतं. तिथपासून जमीन किती खाली आहे ते मोजा. मुलगी दुसरं टोक धरील. लहानपणी माझ्याबरोबर पुष्कळदा धरलं आहे तिने.

आपला नम्र


२४ मार्च

व्याही,

मोजलं. माझी शिवणकामाची टेप वापरली, म्हणजे माप चुकणं शक्य नाही. डावीकडून मागची भिंत ते गटार अकरा मीटर, आणि जमीन तेवढ्यात साठ सेंटिमीटर उतरते. उजवीकडून सव्वीस मीटर, पण टाकीशी जमीन परत वर येते. पहार मारली तर ठण्ण वाजलं. खाली खडक आहे.

तुमची मुलगी नळी मोठ्या झोकात धरते. मी जरा हात हलवला तर म्हणाली, "आई, पाणी थांबेपर्यंत बोलायचंसुद्धा नाही, बाबांचा नियम आहे." दोन वर्षांत मला तिने पहिल्यांदा दटावलं. बरं वाटलं.

साठ सेंटिमीटर वाचून तुमचे डोळे चमकले असतील, पण वाटेचं नाव काढू नका. हे फरशीच्या दुकानात होते. फुटक्या फरशांचे तुकडे पिशवीतून आणायचे आणि रविवारी गुडघ्यांवर बसून एकेक बसवायचे. दोन वर्षं लागली. निळा तुकडा कुठे, पिवळा कुठे, यावरून मला हाका मारायचे आणि मी काही सुचवलं की नेमकं उलटं करायचे. त्या वाटेवरून मी रोज कचरा टाकायला जाते. ती फोडली तर घरात त्यांचं दुसरं काय आहे? एक चष्मा आणि दोन शर्ट.

उजवीकडूनच करा.

विहीण


३० मार्च

विहीणबाई,

नमस्कार. आपण म्हणता तसं उजवीकडून करू. खडक लागला तर टाकीच्या अलीकडे मोठा शोषखड्डा खणून पाइप त्यात सोडता येईल. पाणी तिथे जमिनीत मुरतं. बघू.

सहा तारखेला सकाळच्या गाडीने येतो. खडी बारीक नको, सुपारीएवढी हवी. धुतलेली हवी. मी माझी फावडी घेऊन येतो, परक्या फावड्याने माझी पाठ धरते.

आपला नम्र


२३ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

सुखरूप पोचलो. पंधरा दिवस आपण माझी जी बडदास्त ठेवलीत ती मी विसरणार नाही. मजुरासारखं चिखलात बसणाऱ्या माणसाला रोज इस्त्रीचा टॉवेल आजवर कुणी दिला नव्हता.

जावयांनी शेवटच्या दिवशी चर बुजवायला मदत केली. त्यांना म्हणावं, हाताला फोड आले असतील तर फोडू नका.

एक सुचवतो. पाऊस सुरू होण्याआधी मुलांची खाट विटांवरून काढू नका. कपाटातल्या वस्तूही वरच्या कप्प्यातच असू द्याव्यात. कामावर भरवसा नाही म्हणून नव्हे, आपली एक सवय म्हणून. नवी माती बसायला वेळ लागतो. शोषखड्ड्यात मधूनमधून डोकावत जा आणि काय दिसतं ते कळवा.

आपला नम्र


२१ जून

व्याही,

काय दिसतं ते कळवते. शोषखड्ड्यात पाणी दिसतं. काठोकाठ. त्यात काल एक बेडूक पोहत होता.

परवा सलग पाच तास पाऊस झाला. आधी मी खुशीत होते. छत्री घेऊन मागे उभी राहून बघत होते की तुमचा पाइप कसं पाणी ओढून नेतो. खड्डा भरला. भरला तो भरलाच. मग पाइपातलं पाणी पुढे जायचं थांबलं आणि मागे फिरलं. पूर्वी फटीतून यायचं ते आता आपण खणलेल्या चरातून ऐसपैस आलं. खोलीत पोटरीपर्यंत पाणी. विटांवरच्या खाटेवरून लोंबणाऱ्या चादरीने पाणी ओढलं आणि गादी भिजली. तुमच्या मुलीची पुस्तकांची पेटी मीच खाली ठेवली होती, मोठ्या विश्वासाने. सगळी पुस्तकं फुगून कोबी झाली. ती म्हणाली, "असू दे, आई."

मुलगा उठला. बादलीने पाणी काढलं आणि कामावर गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. गेल्या आठवड्यात त्याच्या खिशात जागांच्या जाहिरातीचा कागद सापडला, धुवायला टाकताना. दोन ठिकाणी खूण केली आहे.

दर वर्षी येत होतं तेवढं तरी आलं असतं तर मी नशिबाला बोल लावला असता. हे तर आपण हातांनी आणलं. असं का झालं, ते सांगा. मला नीट कळेल असं.

विहीण


२८ जून

विहीणबाई,

वाचून फार वाईट वाटलं. दोष सर्वस्वी माझा आहे. माझा अंदाज चुकला. यंदा पाऊसही नेहमीपेक्षा जास्त आहे असं पेपरात वाचलं. आपण मनाला लावून घेऊ नये. पाऊस ओसरला की येऊन बघतो. पुस्तकं मी नवी घेऊन देईन.

आपला अपराधी


५ जुलै

व्याही,

तुमचं पत्र वाचून मी ते टेबलावर आपटलं. दोष माझा, दोष माझा. कुठला दोष ते कुठे लिहिलंय? अंदाज चुकला म्हणे. चाळीस वर्षं जो माणूस शहराचं पाणी इकडून तिकडे नेत होता त्याचा अंदाज माझ्या अंगणात येऊन चुकला?

मला तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. पुढच्या गल्लीतल्या गवंड्याला बोलावलं. त्याने खड्ड्यातली मूठभर माती घेतली, चोळली, तिची वळकटी केली आणि माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, "बाई, ही चिकणमाती आहे. हिची मडकी करतात. हिच्यात शोषखड्डा कुणी काढला? पाइपवाल्याला माहीत नव्हतं?" मी मान खाली घातली. म्हटलं, आमचे पाहुणे आहेत ते.

संध्याकाळी सूनबाईला विचारलं. आधी "मला काय कळतं" म्हणाली. मी फडकं तिच्या हातातून काढून घेतलं आणि समोर बसवलं. मग बोलली. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुम्ही तिथे हातभर खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतलं होतं. सकाळी ओतलेलं पाणी दिवेलागणीला होतं तेवढंच होतं. तुम्ही तिच्याकडे बघितलं, तिने तुमच्याकडे बघितलं, आणि तुम्ही त्यावर माती लोटली.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पंधरा दिवस माझ्या घरी राहून, माझ्या हातचा चहा पिऊन, चालणार नाही हे माहीत असलेलं काम तुम्ही चोख करत होता. आणि वर मला पत्रातून खाट विटांवर ठेवायला सांगत होता. आता कळलं ते कशासाठी.

मी तीस वर्षं कपडे शिवते. एखादी बाई न शोभणारा गळा मागते. मी तोंडावर सांगते, बाई, तुला हे बरं दिसणार नाही. चार गिऱ्हाइकं रागावून गेली असतील, पण माझ्या हातून कुणाचं कापड फुकट गेलं नाही. तुम्हाला माझ्याशी एक वाक्य बोलता येत नव्हतं? बोलायला कान लागत नाहीत.

भीड भिकेची बहीण म्हणतात. तुमच्या भिडेने माझं घर जायची वेळ आली आहे. का गप्प बसलात, ते लिहा. माफी लिहू नका, ती माझ्याकडे पुष्कळ झाली.

विहीण


११ जुलै

विहीणबाई,

माफी लिहीत नाही.

होय, मला माहीत होतं. बादलीच्या आधीसुद्धा माहीत होतं. टाकीजवळची माती बुटाला चिकटली तेव्हाच कळलं. बादली मी स्वतःची खोटी समजूत घालायला ओतली.

मी पालिकेत होतो तेव्हा मोठ्या साहेबांना भर रस्त्यात सांगितलं आहे की तुमच्या नकाशावर पाणी वर चढतंय. दोनदा बदली झाली त्यापायी. पण तुमच्या दारात आलो की मी पाइपवाला नसतो, मुलीचा बाप असतो. चप्पल कुठे काढायची हेसुद्धा मी तुमच्या घरी आधी बघून घेतो. त्या दिवशी मी बोलायला निघालो होतो. फरशीच्या वाटेने आलो. तुम्ही ओणव्या होऊन एका तुकड्याच्या कडेचं शेवाळ हेअरपिनने काढत होता. तुम्ही वर बघितलंत आणि म्हणालात, "बघा व्याही, कसं झकास बसवलंय यांनी." मी म्हटलं, झकास. आणि मागे येऊन खणायला लागलो.

मनात म्हटलं, आज यांना वाट फोडा म्हटलं तर उद्या माझ्या मुलीला ऐकावं लागेल, तुझ्या बापाने आमची वाट फोडली. तुम्ही तसं कधी केलं नसतंत. हे आता लिहिताना दिसतं, तिथे उभं असताना दिसलं नाही.

आता विचारलं नसलंत तरी सांगतो. या घराला एकच वाट आहे, डावी. अकरा मीटरला साठ सेंटिमीटर म्हणजे या कामात चैन आहे. पाणी स्वतःहून पळेल. आणि मागची भिंत मी हाताने ठोकून पाहिली आहे. खालचे दोन थर पोकळ वाजतात. असंच चाललं तर तीन-चार वर्षांत ती बसेल. हेही मी एप्रिलमध्ये सांगितलं नव्हतं.

तुमचा


१५ जुलै

व्याही,

या. वाट फोडायची.

काल मी मुलाला विचारलं, खिशातल्या कागदाचं काय? म्हणाला, "बघतोय, आई." मी म्हटलं, महिनाभर थांब, आपण नीट करतोय. त्याने मान हलवली.

दोन दिवस मी त्या वाटेवरून येरझाऱ्या घातल्या. शेवटी स्वतःला म्हटलं, हे असते तर त्यांनी काय केलं असतं? त्यांनी मला आधी वेड्यात काढलं असतं आणि मग पोरासाठी स्वतः पहार घेतली असती. तुकडे मात्र मी काढणार, तुम्ही हात लावायचा नाही. आणि काही चुकत असेल तर जागच्या जागी बोलायचं. मोठ्याने बोललात तरी चालेल, तुम्हाला ते सोपं जाईल.

पाऊस उघडला आहे तोवर या.

विहीण


१९ ऑगस्ट

व्याही,

तुम्ही गेल्यावर अकरा दिवस कोरडे गेले. काल आणि आज मिळून इतका पाऊस झाला की वरच्या घरवाल्याचं कुंपण वाहून आलं. मी मागच्या खोलीत जमिनीवर बसून राहिले. भिंतीला तळवा लावला. दर तासाला कोपऱ्यात वर्तमानपत्र ठेवून बघितलं. कोरडं. मग पुढे गटारापाशी गेले तर तुमच्या पाइपाच्या तोंडातून मनगटाएवढी धार पडत होती, स्वच्छ. छत्री मिटून तशीच भिजत उभी राहिले. समोरची बाई परत खिडकीत आली. येऊ दे म्हटलं.

तुम्ही इथे होता ते दिवस मला फार आवडले, हेही लिहून टाकते. तुम्ही माझ्यावर तीनदा ओरडलात. नळीचं टोक हलवू नका म्हणून, खडी न धुता आणली म्हणून, आणि एकदा मधे येऊ नका म्हणून. आपल्या दोन वर्षांच्या सोयरिकीत तेवढंच काय ते खरं बोलणं झालं.

पण पत्राचं कारण ते नाही.

जेवायला बसलो तेव्हा मी मोठ्या दिमाखात सांगितलं की खोली खणखणीत कोरडी आहे, आता त्या विटा काढा. मुलाने हातातला घास खाली ठेवला. म्हणाला, "आई, आम्ही जागा घेतली आहे. एक तारखेला जाणार." मी विचारलं, केव्हा घेतली? म्हणाला, दहा जुलैला.

दहा जुलै. मी अजून फरशीचा एक तुकडासुद्धा हलवला नव्हता. मी त्याला म्हटलं, महिनाभर थांब, तेव्हा तो मान हलवून मोकळा झाला. मी गुडघ्यांवर बसून यांची वाट उकरत होते, नऊ पोती भरली, तेव्हा तो कामावरून येऊन त्या पोत्यांशेजारून आत जात होता. म्हटलं, सांगितलं का नाहीस? म्हणाला, "तू इतक्या उत्साहात होतीस." सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा म्हणाले, आत्ता काही बोलू नका." आणि तोंडावर हात ठेवला.

एका शब्दात उत्तर द्या. तुम्हाला माहीत होतं?


२५ ऑगस्ट

होय.

एका शब्दात मागितलंत, पण पुढेही लिहितो. वाचा किंवा फाडा.

तुमचं "या" असं पत्र आलं त्याच दिवशी मुलीचं आलं. जागा घेतली, आईंना अजून सांगितलेलं नाही. मी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून बसलो. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही वाट फोडू दिली नसती. भिंत तशीच पाणी पीत राहिली असती, आणि मुलं गेल्यावर त्या भिंतीआड तुम्ही एकट्या राहिल्या असता. म्हणून मीच मुलीला लिहिलं, काम होईपर्यंत गप्प राहा.

एप्रिलमध्ये मी भिडेने गप्प बसलो. ती चूक होती. जुलैमध्ये ठरवून गप्प बसलो. ती चूक होती की नाही, मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला राग येणारच.

खोली कोरडी झाली तर मुलं विचार बदलतील, असंही मला थोडं वाटत होतं. पाण्यापायीच जात होती ना ती?

तुमचा


१४ सप्टेंबर

व्याही,

तुमचं पत्र मी फाडलं नाही. तीन दिवस न वाचता ठेवलं आणि मग वाचलं.

राग आला आहे आणि तो जाणार नाही. भिंत माझी, वाट माझी. आधी सांगितलं असतंत तर मी काय निवडलं असतं ते मलाही ठाऊक नाही, पण निवडायचं मला होतं. तुम्ही माझ्या वतीने निवडलंत. माझ्या भल्यासाठी केलंत हे कळतं, म्हणून तर नीट भांडताही येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय?

मुलं एक तारखेला गेली. मी डबे भरून दिले, पडदे शिवून दिले. तुमचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. मीही तेच धरून बसले होते. पाण्यापायी गेली, आता पाणी नाही, म्हणजे परत येतील. आगाऊ दिलेले पैसे बुडाले तर मी भरीन म्हणणार होते.

काल त्यांची नवी जागा बघायला गेले. तिसरा मजला, दोन खोल्या, माझ्या एका खोलीएवढ्या. सूनबाईने सगळं हौसेने दाखवलं. तिथे ती मोठ्याने बोलते. नवऱ्याला म्हणाली, "तो टॉवेल तिथे नको, किती वेळा सांगितलं." आमच्याकडे दोन वर्षांत टॉवेलाबद्दल चकार शब्द काढला नव्हता तिने.

आणि मग मला दिसलं. स्वयंपाकघरात, खिडकीखाली, भिंतीवर ताटाएवढा ओलीचा डाग. कडेने रंगाचे पापुद्रे सुटलेले. माझी आता नजरच तशी झाली आहे. एक क्षण वाटलं गप्प बसावं, नव्या घरात कशाला? पण मी ठरवलं होतं की आता कुणाशी भिडेने वागायचं नाही. आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. डागावर बोट ठेवून मी म्हटलं, "हे बघा, इथेही पाणी आहे. बाहेरच्या नळातून झिरपतंय. पावसाळा संपेपर्यंत सगळी भिंत भिजेल. त्यापेक्षा घरी चला, आपली खोली आता कोरडी आहे."

मुलगा मोरीकडे बघायला लागला. सूनबाईने ओट्यावरचं फडकं उचललं, परत ठेवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, ही ओल आम्ही जागा बघायला आलो तेव्हाच पाहिली होती. तरी घेतली."

मी बोट भिंतीवरून काढून घेतलं. चहा प्यायले. चहा चांगला केला होता तिने, थोडा जास्त गोड. जिन्यात मुलगा सोडायला आला तेव्हा मला काही विचारायचं होतं, पण विचारलं नाही.

तुमच्या मुलीने तुम्हाला काय काय लिहिलं होतं, आणि यातलं तुम्हाला किती माहीत होतं, ते मला कळवू नका. खरं बोला म्हणून मीच तुमच्या मागे लागले होते. हे मात्र नको.

मागच्या खोलीतल्या विटा मी काढल्या. शिवणाचं यंत्र तिथे हलवलं आहे, उजेड बरा येतो. कालपासून पाऊस आहे. जमीन कोरडी आहे. काम चोख झालं आहे तुमचं.

विहीण